आधी पाऊल, मग शब्द

भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला गेलं की हातात येणाऱ्या पत्रिकेवर सहा-सात नावं ओळीनं छापलेली असतात: अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, जावळी, तिल्लाना. पुण्या-मुंबईत अरंगेत्रमला, म्हणजे नर्तिकेच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला आलेले बरेच प्रेक्षक ती नावं वाचतात आणि पत्रिकेची घडी करून ठेवतात. निवेदक एकेका रचनेचा अर्थ सांगतो, टाळ्या पडतात, पोशाख बदलतो, पुढची रचना सुरू होते. या सगळ्यात त्या रचनांचा क्रम कोणी पाहत नाही. तो क्रम हीसुद्धा एक रचना आहे. तिला मार्गम म्हणतात, आणि माझ्या मते भरतनाट्यमच्या सगळ्या भांडारातली ती सर्वांत सुंदर रचना आहे. कवितेचं रसग्रहण ओळीमागून ओळ घेत करतात, तसंच तिचंही करता येतं.

परंपरा या क्रमाचं श्रेय तंजावरच्या चार भावांना देते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू ही नट्टुवनार, म्हणजे नृत्यगुरू, सुब्बराय यांची मुलं. १८०२ ते १८१० या काळात जन्मलेली, मुत्तुस्वामी दीक्षितारांकडे संगीत शिकलेली. तंजावरच्या भोसल्यांच्या पदरी, आधी दुसऱ्या सरफोजीराजांच्या आणि मग त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांच्या काळात, त्यांचं नाव झालं. वडिवेलू पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेला. महाराजांनी १८३४ मध्ये त्याला हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं. चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारात गेला. या चौघांनी रचनांचे सगळे प्रकार शून्यातून उभे केले असं नाही. त्यांतले बरेचसे आधीपासून तंजावरात नाचले जात होते. पण आधी काय, नंतर काय, कुठे शब्द येऊ द्यायचा आणि कुठवर तो अडवून धरायचा, हे त्यांनी बसवलं. त्यांची प्रतिभा मला तिथे सगळ्यांत जास्त दिसते.

पहिली रचना अलारिप्पू. नर्तिका समपादात उभी असते. गाणं नाही, राग नाही, कथा नाही. नट्टुवनार हातातले टाळ वाजवत बोल म्हणतो, मृदंग त्याच्या मागे चालतो, एवढंच. आधी डोळे हलतात. मग मान डावी-उजवीकडे आडवी सरकते, जिला अट्टमी म्हणतात. मग खांदे, मग हात. मग शरीर अरैमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवलेल्या अर्ध्या बैठकीत उतरतं. पुढे पूर्ण बैठक येते. आणि शेवटी सगळे अवयव एकत्र चालू लागतात. हे सगळं होतं तीन-चार मिनिटांत. तमिळमध्ये ‘अलर’ म्हणजे उमलणं, आणि नावाचा उगम तिथेच सांगितला जातो. मला मात्र या रचनेत उमलण्याहून जास्त भावतो तिचा संयम. नर्तिका इथे कोणी नाही. ती राधा नाही, विरहिणी नाही, भक्तसुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर भाव शोधणाऱ्या प्रेक्षकाला इथे काहीच मिळत नाही, आणि ते तसंच असायला हवं. संध्याकाळभर ज्या शरीराकडून तुम्ही कथा ऐकणार आहात, त्याची आधी नुसतं शरीर म्हणून ओळख करून घ्या, असं चौघं भाऊ जणू सांगतात. हल्ली पुष्कळदा अलारिप्पूच्या आधी किंवा सोबत स्तुतिगीत गातात. ते कानाला गोड लागतं, पण शब्दाला मज्जाव असलेली ही जागा त्यानं भरून जाते.

दुसरं जतिस्वरम. आता राग येतो. सावेरी असेल, वसंत असेल. गायिका सा-रे-ग-म याच अक्षरांनी गाते आणि नर्तिका अडवूंच्या, म्हणजे हात-पायांच्या मूळ हालचालींच्या साखळ्या, कोर्वै, त्या स्वरांवर बसवते. अर्थ अजूनही नाही. पण प्रेक्षकाच्या मनात काहीतरी हलायला लागतं. सावेरीत एक ओढ आहे, वसंतात एक तेज आहे, आणि कोणाची ओढ, कशाचं तेज हे कोणी सांगत नाही. भावाला अजून नाव नाही, गाव नाही, नायक नाही. मला वाटतं, जतिस्वरमइतकी प्रामाणिक रचना मार्गममध्ये दुसरी नाही. एखादी चूक झाली तर ती अभिनयाखाली लपत नाही. पाऊल मात्रेवर पडलं किंवा पडलं नाही, हात रेषेत होता किंवा नव्हता.

आणि मग शब्दम. पहिल्यांदा शब्द येतो. जुन्या पद्धतीत तो कांभोजी रागात आणि सात मात्रांच्या मिश्र चापू तालात असे. देवाची किंवा राजाची स्तुती, मधूनमधून पाटाक्षरं, आणि पुष्कळ शब्दमच्या शेवटी चक्क सलाम. देवळात सलाम कशाला, असा प्रश्न पडला की ही कला कुठे कुठे राहिली आहे ते कळतं. तिचं एक पाऊल गाभाऱ्यासमोर होतं आणि दुसरं दरबारात. शब्दम लहान आहे, भावानं फार खोल नाही, म्हणून आजकाल सर्रास गाळतात. पण क्रमाकडे पाहिलं तर त्याचं काम मोठं आहे. अर्थ नसलेल्या दोन रचनांनंतर पहिला अर्थ इतक्या सोप्या, उघड स्तुतीच्या रूपात देणं, म्हणजे डोळ्यांना हस्तमुद्रा वाचायची सवय लावणं. त्यानंतर येणारं वर्णम हा अवघड ग्रंथ आहे.

वर्णमकडे जाण्याआधी तंजावरात थोडं थांबायला हवं.

व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं आणि १८५५ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केलं. या पावणेदोनशे वर्षांत मराठी राजघराण्यानं कावेरीच्या खोऱ्यातल्या नृत्याला नुसता आश्रय दिला नाही, तर त्यासाठी लिहिलं. शहाजीराजे (१६८४ ते १७१२) तिरुवारूरच्या त्यागेशाचे निस्सीम भक्त. त्यांच्या नावावर त्यागेशावरची पदं आहेत, तेलुगूतला ‘शंकर पल्लकी सेवा प्रबंधम’ आहे, पाच भाषांत चालणारं ‘पंचभाषाविलास’ नाटक आहे. तुळजाजीराजांनी १७३० च्या आसपास ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि त्यातल्या नृत्याच्या भागात अडवूंची नोंद बोलांसकट केली. शास्त्रग्रंथांत शरीराच्या हालचालींची वर्णनं हजार वर्षांपासून होती, पण तालमीच्या खोलीत नट्टुवनार प्रत्यक्ष काय शिकवतो ते राजानं ग्रंथात घ्यावं, ही मोठी गोष्ट आहे.

आणि मग दुसरे सरफोजी. १७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला, तनखा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. सत्ता गेलेल्या या राजानं नृत्यासाठी मराठीत रचना केल्या. त्यांचं संकलन सरस्वती महालानं छापलं आहे. नाव आहे ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’. तमिळ कोर्वैला मराठी विभक्ती लावून कोर्व्यांचे, आणि नृत्यरचनेला शब्द आहे जिन्नस. आज आपण नाचातल्या एका रचनेला ‘आयटम’ म्हणतो. तंजावरच्या मराठीनं दोनशे वर्षांपूर्वी तिला जिन्नस म्हटलं होतं, आणि तो शब्द पुन्हा वापरायला काहीच हरकत नाही.

सरफोजींच्या या रचनांना निरूपण म्हणतात. एका निरूपणात अठरा जिन्नस: जयजय, शरणु, अलरु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, अभिनयपद, तिल्लाना आणि पुढे जक्किणी, गीत, प्रबंध, त्रिपुट, श्लोकवर्ण, कवुत्तुव असं करत मंगलपर्यंत. नावं वाचताच आजच्या पत्रिकेवरचा क्रम त्यात दिसू लागतो. अलरु म्हणजे अलारिप्पू, शब्द म्हणजे शब्दम, वर्ण म्हणजे वर्णम. पण एक फरक आहे आणि तो मुळावर जाणारा आहे. निरूपणात पुराणातली एकच कथा अठरा जिन्नसांतून पुढे सरकते, आणि अठराही जिन्नस एकाच रागात, एकाच तालात बांधलेले असतात. निरूपण हा शब्द कीर्तनातला. तंजावरात मराठी कीर्तनाची परंपरा जोरात होती आणि सरफोजींनी नृत्याकडेही कीर्तनकाराच्या नजरेनं पाहिलं असावं, असं मला वाटतं: एक आख्यान घ्यायचं, ते शेवटपर्यंत न्यायचं, मंगल म्हणायचं.

त्याच शहरात, त्याच राजाच्या पदरी असलेल्या चौघा भावांची वाट निराळी आहे. त्यांच्या मार्गममध्ये कथेचा धागा नाही. प्रत्येक रचनेचा राग वेगळा, ताल वेगळा, दैवत वेगळं असू शकतं. मग संध्याकाळ एकसंध कशानं राहते? ती राहते घटकांच्या येण्यानं. आधी फक्त लय, मग लय आणि स्वर, मग लय, स्वर आणि शब्द, मग तिन्ही पूर्ण ताकदीनं, मग लय मागे सारून स्वर आणि शब्द, आणि शेवटी शब्द सोडून पुन्हा लय. कथेऐवजी नृत्य स्वतःच पात्र होतं आणि त्याचाच प्रवास आपण पाहतो. निरूपणं तालेवार आहेत, त्यांच्या मराठीचा मला अभिमान आहे. तरीही या दोन मांडण्यांत मी चौघा भावांच्या बाजूची आहे. आख्यानात पुढे काय होणार ही उत्सुकता पायाला ओढत नेते. मार्गममध्ये पाऊल थांबू शकतं, आणि वर्णमला नेमकं तेच हवं असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. भरतनाट्यम दोन हजार वर्षं जुनं आहे, असं व्यासपीठावरून सरसकट सांगितलं जातं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या विमानात वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत आणि उरलेल्या २७ शिळा कोऱ्याच राहिल्या आहेत. १०१० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्याच मंदिरात राजराज चोळानं चारशे नर्तकी आणून वसवल्याचा शिलालेख आहे. नृत्त, नृत्य आणि नाट्य ही विभागणी अभिनयदर्पणात आहे, तिथल्याच एकहाती मुद्रा आजही पहिल्या वर्षी पाठ करून घेतात. द्रव्य जुनं आहे यात शंका नाही. पण ज्या क्रमानं ते आपल्यापुढे येतं तो क्रम दोनशे वर्षांचा आहे, आणि ‘भरतनाट्यम’ हे नाव या कलेला सर्रास चिकटलं ते १९३० च्या दशकात. त्याआधी तिला सदिर म्हणत, दासीआट्टम म्हणत, चिन्नमेळम म्हणत. क्रम तरुण आहे म्हणून त्याची थोरवी उणी होत नाही. उलट, तो माणसांनी विचार करून घडवला, त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, हे मला दोन हजार वर्षांच्या धूसर अभिमानापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

आता वर्णम. चौघा भावांच्या वर्णमांपैकी एक घेते: पोन्नय्याचं भैरवी रागातलं, रूपक तालातलं तमिळ वर्णम ‘मोहमान’. ही कर्नाटक भैरवी, आपल्या मैफलीच्या शेवटी येणाऱ्या भैरवीशी तिचं नावापुरतंच नातं. हिच्यात दोन्ही धैवत आहेत, ऋषभ शुद्ध आहे, आणि निरोपाच्या हळवेपणापेक्षा गांभीर्य जास्त आहे.

नायिका बोलते आहे त्यागेशाशी. तोच तिरुवारूरचा त्यागेश, ज्याच्यावर शहाजीराजांनी पदं लिहिली. तिची तक्रार साधी आहे. मी तुझ्यावर जीव लावून बसले, आणि आताच तुला रुसवा सुचला का? सगळ्या वर्णमचा विषय एवढाच. पुढे काही घडत नाही. तो येत नाही, निघूनही जात नाही. पस्तीस-चाळीस मिनिटं एक स्त्री एकाच क्षणात उभी आहे.

तिरुवारूरचा हा देव कसा आहे ते माहीत असलं तर ही तक्रार आणखी खोल जाते. त्यागेशाची मूर्ती वस्त्रांनी आणि फुलांनी झाकलेली असते. दिसतो तो फक्त चेहरा. त्याच्या पावलाचं दर्शनसुद्धा वर्षातल्या ठरावीक उत्सवांनाच होतं. आणि त्याच्या नृत्याला अजपा म्हणतात: विष्णूच्या छातीवर, त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होणारं नृत्य, ज्यात ओठ हलत नाहीत. म्हणजे ही नायिका ज्याला जवळ बोलावते आहे त्याचं शरीर कोणी पाहिलेलं नाही, आणि त्याचं नाचणं श्वासाइतकंच अदृश्य आहे. तिच्याकडे मात्र शरीराशिवाय दुसरं काही नाही. ती डोळ्यांनी, बोटांनी, टाचांनी बोलते. अनुपल्लवीत ती त्याला भोग आणि त्याग या दोन्ही शब्दांनी एकत्र संबोधते. उपभोगाचा आणि संन्यासाचा धनी एकच. ‘ये’ म्हणण्याचा तिचा हक्क पहिल्या शब्दातून येतो, आणि तो येणार नाही ही धास्ती दुसऱ्यातून.

आता बांधणी पाहा. वर्णमची सुरुवात त्रिकाळ तीर्मानमनं होते. एकच जती, म्हणजे बोलांचा बांधलेला तुकडा, विलंबित, मध्य आणि द्रुत अशा तीन काळांत. भावाला हात घालण्याआधी कवी जणू सांगतो की इथे काळ माझ्या मुठीत आहे. मग पल्लवीची ओळ. गायिका ती पुन्हा पुन्हा गाते आणि नर्तिका दर खेपेला तिचा नवा अर्थ काढते. एकदा ती रागावते, एकदा विनवते, एकदा आठवण काढते, एकदा स्वतःच्या मनाला विचारते. ओळ तीच, राग तोच, ताल तोच. बदलतो तो संचार. आणि ऐन भावाच्या भरात नट्टुवनार नवी जती उच्चारतो. नायिका नाहीशी होते, उरते नर्तिका: कडक रेषा, तीक्ष्ण हात, जमिनीवर आपटणारं पाऊल. मग पुन्हा ओळ, पुन्हा नायिका.

नव्या प्रेक्षकाला ही अदलाबदल खटकते. एवढ्या नाजूक विनवणीत हा कवायतीचा तुकडा कशाला? बराच काळ पाहिल्यावर मला त्याचं उत्तर असं वाटतं: एकाच भावात माणूस चाळीस मिनिटं राहू शकत नाही. त्याला मधे शुद्ध हालचालीत धुवून घ्यावं लागतं, तरच ती ओळ परत ताजी ऐकू येते. जतीनंतरची पहिली ‘मोहमान’ आणि जतीच्या आधीची शेवटची ‘मोहमान’ यांत फरक आहे. आधीची थकलेली असते. नंतरची जागी झालेली असते.

उत्तरार्धात चरण येतं आणि वेग चढतो. मदन बाणांचा वर्षाव करतो आहे, एवढाच या चरणाचा आशय. आणि ही ओळ परत परत येते. दरवेळी तिच्या मागे स्वरांचा एक गुच्छ येतो, त्यावर अडवू नाचले जातात, मग त्याच स्वरांवरचं साहित्य अभिनयानं दाखवलं जातं, पाय तट्टिमेट्टूत ताल धरून राहतात आणि हात-चेहरा अर्थ सांगत असतात. मग पुन्हा मदनाची ओळ. स्वरांचे गुच्छ वाढत जातात, त्यामुळे बाण अधिकाधिक उशिरा येतात आणि अधिक खोल लागतात. चांगली नर्तिका प्रत्येक खेपेला बाण वेगळा दाखवते. कमळाचा, अशोकाचा, आंब्याच्या मोहराचा, नवमल्लिकेचा, नीलोत्पलाचा. कधी तो डोळ्याला लागतो, कधी ती हातानं परतवू पाहते, कधी स्वतःच समोर जाऊन झेलते. पोन्नय्यानं शब्द इतके थोडे ठेवले आहेत की त्यात नर्तिकेला राहायला जागा उरते. शब्दसंपत्तीनं ठासून भरलेली वर्णमंही आहेत. त्यात नर्तिका भाषांतर करत बसते. इथे ती लिहिते.

वर्णम संपतं तेव्हा नर्तिकेला धाप लागलेली असते. आणि त्यानंतर लगेच पदम. हा क्रमातला सगळ्यांत धाडसी निर्णय. पावलांचं काम जवळजवळ थांबतं. क्षेत्रय्याची तेलुगू पदं, सतराव्या शतकातली, त्यांत मुव्वगोपाळ हा नायक. किंवा तमिळ पदं. लय इतकी संथ की मृदंगाच्या दोन आघातांमध्ये एक अख्खा श्वास जातो. जुन्या नर्तकी पदम कधीकधी बसूनही करत. वर्णममध्ये जे ओरडून मागितलं ते इथे पुटपुटलं जातं. इथल्या नायिकांना वय आहे, संसार आहे, अपमान पचवण्याची सवय आहे. क्षेत्रय्याची नायिका पुष्कळदा दुसरीकडे रात्र काढून आलेल्या प्रियकराशी बोलते, आणि तिचा उपरोध इतका सभ्य असतो की तो थोडा उशिरा टोचतो. जावळी त्यानंतर येते, हलकीफुलकी, चटपटीत. तिच्यावर फार बोलण्याचं कारण नाही.

पदम म्हटलं की बालसरस्वतींचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १९१८, वीणा धनम्माळ यांची नात, घरात संगीत आणि नृत्य देवदासी परंपरेतून आलेलं. गुरू कंदप्पा पिळ्ळै चौघा भावांच्याच वंशातले. १९२५ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, कांचीपुरमच्या कामाक्षी मंदिरात त्यांचं पदार्पण झालं. त्या पदम करायच्या तेव्हा गात त्यांच्या आई, जयम्माळ. १९७५ मध्ये मद्रासच्या तमिळ इसै संगमच्या परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी मार्गमला देवळाची उपमा दिली. अलारिप्पू म्हणजे गोपुर, मग मंडप ओलांडत जायचं, वर्णम म्हणजे गाभाऱ्यासमोरची प्रशस्त जागा, पदम म्हणजे देवाच्या अगदी निकट जाणं, तिल्लाना म्हणजे कापूरारतीचा गजर. क्रम बदलू नका, असा त्यांचा आग्रह होता. मार्गमवर लिहिलेल्या-बोललेल्या कशातही मला याहून नेमकं काही सापडलेलं नाही, कारण ते बोलणाऱ्या बाईनं तो रस्ता आयुष्यभर पायांनी तुडवला होता.

बालसरस्वतींच्याच काळात दुसऱ्या बाजूला रुक्मिणीदेवी अरुंडेल उभ्या होत्या. चौघा भावांच्या वंशातल्या पंदनल्लूर मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकून त्यांनी १९३५ मध्ये अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीत नृत्य सादर केलं आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र उभारलं. त्यांना शृंगाराचा उघडेपणा सलत होता. तो त्यांनी भक्तीकडे वळवला. नट्टुवनार आणि वादक नर्तिकेच्या मागे चालत फिरत, त्यांना त्यांनी रंगमंचाच्या एका बाजूला बसवलं. पोशाख, प्रकाश, मंच सगळं नव्यानं रचलं. त्यांच्यामुळे ही कला मध्यमवर्गीय घरांत पोहोचली, माझ्यासारख्यांपर्यंत पोहोचली, हे ऋण मोठं आहे. पण १९४७ मध्ये मद्रास प्रांतात मुलींना देवाला वाहण्यावर बंदी घालणारा कायदा आला, त्यामागे मुत्तुलक्ष्मी रेड्डींसारख्यांची न्याय्य तळमळ होती, आणि त्याच वावटळीत ज्या स्त्रियांनी ही पदं जिवंत ठेवली होती त्यांच्यातल्या बहुतेकींच्या हातून मंच निसटला. मोहमानमधली नायिका ज्या धीटपणे ‘जवळ ये’ म्हणते तो धीटपणा या स्त्रियांकडून आला आहे. त्याला भक्तीची झूल घातली की देव आणि बाई दोघंही लहान होतात. या वादात मी बालसरस्वतींच्या बाजूची आहे.

तिल्लाना येतो आणि शब्द पुन्हा गळून पडतो. तोम्-तनन-दिरना अशी अक्षरं, झपाट्याची लय, मंचभर फिरणाऱ्या कोर्वै, शेवटाकडे दोन-तीन ओळींचं साहित्य. अलारिप्पूतलं तेच शरीर, तीच अरैमंडी. फक्त मधल्या दीड-दोन तासांत आपण त्या शरीरात राहणाऱ्या बाईला भेटलो आहोत, त्यामुळे नुसती मान सरकली तरी आता तिला अर्थ असल्यासारखा वाटतो.

महाराष्ट्राला या क्रमाची ओळख तशी लवकर झाली. १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा विवाह तंजावरच्या मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला आणि तिकडच्या नर्तकी आणि नट्टुवनार बडोद्याला आले. संस्थानच्या कलावंत कारखान्यात त्यांना वेतन होतं. ‘भरतनाट्यम’ हे नाव रुळण्याआधी अर्धशतक मराठी दरबारात तंजावरचा नाच होत होता. पुढे मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी सरफोजींच्या मराठी निरूपणांवर वर्षानुवर्षं काम केलं, ‘तंजावर नृत्य प्रबंध’ लिहिला, आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी त्या रचना मंचावर आणल्या. कागदावरचे जिन्नस पुन्हा पायांत उतरले. ज्यांनी ते पाहिले असतील त्यांना मार्गमचं वेगळेपण सांगावं लागत नाही. एकच राग, एकच आख्यान आणि त्याला लागलेली ओढ त्यांनी अनुभवलेली असते.

आजच्या संयोजकांना वेळेची चणचण असते, हे मला कळतं. दीड तासात सगळं बसवायचं म्हणून वर्णम वीस मिनिटांवर येतं: त्रिकाळातला एक काळ कमी, पल्लवीच्या आवर्तनांना कात्री, चरणाची ओळ दोनदाच. सगळी नावं पत्रिकेवर राहतात आणि क्रम मात्र मोडतो. कापायचंच असेल तर जावळी कापा, दुसरं पदम कापा, तिल्लाना आखूड करा, स्तुतिगीत तर पहिल्यांदा काढा. शब्दम ठेवा. आणि मोहमान करत असाल तर मदनाची ओळ जितक्यांदा परत यायची तितक्यांदा येऊ द्या; चौथ्या खेपेचा बाण तिसऱ्या खेपेला लागत नाही.